स्वयंचलित यंत्रावर घरची बिअर: पहिल्या २० लिटरपासून चांगली चव कशी मिळवावी

यंत्र पाणी तापवतं, पंप फिरवतं, ठरलेल्या वेळी तापमान बदलतं आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) टाकायची आठवण करून देतं. एवढं सगळं करूनही बिअर काही ते बनवत नाही. ते बार्लीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या दाण्यांचा, गोड काढा बनवतं, त्याला वर्ट म्हणतात. त्या वर्टची बिअर करतं यीस्ट. यंत्राचं काम पाच-सहा तासांचं असतं आणि यीस्टचं दोन आठवड्यांचं. महागडं यंत्र आणूनही बिअर फसते, तेव्हा चूक बहुतेक वेळा यंत्राला न दिसणाऱ्या चार ठिकाणी असते: पाणी, दळण, स्वच्छता आणि आंबवण्याचं तापमान. म्हणून या लेखात बटणांपेक्षा या चार गोष्टींवर जास्त भर आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे आणि ‘फक्त घरच्यापुरती केली’ ही सबब चालत नाही. हा लेख जिथे घरी बिअर बनवायला मुभा आहे तिथल्या मराठी वाचकांसाठी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ही मुभा मिळाली. एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला त्याच्या दुप्पट बिअर बनवता येते, पण विकता येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपीत ही मुभा यायला २०१३ उजाडलं. खालची मापं आणि सूचना अमेरिकेतलं घर डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत. युरोप-ऑस्ट्रेलियात विजेचा दाब सोडला तर फारसा फरक पडत नाही.

यंत्र कोणतं आणि कसं

ग्रेनफादर, ब्रूझिला, ब्राउमाइस्टर ही या वर्गातली माहितीची नावं. ३०-३५ लिटरचं स्टीलचं भांडं, बुडाशी हीटर, आत माल्टसाठी जाळीच्या तळाची टोपली, पंप आणि कंट्रोलर अशी सर्वसाधारण रचना असते. बहुतेक यंत्रांत पंप खालचं पाणी उचलून माल्टवर वरून सोडतो. ब्राउमाइस्टरमध्ये ते खालून वर ढकललं जातं.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: इंटरनेट नसताना यंत्र पूर्ण चालतं का? सिॲटलच्या पिकोब्रू कंपनीची यंत्रं कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती. २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि चांगली चालणारी यंत्रं ग्राहकांच्या ओट्यावर अडकून पडली. तापमान आणि वेळ हाताने भरता येत असेल तरच यंत्र घ्यावं.

अमेरिकेतल्या ११० व्होल्टच्या यंत्राचा हीटर साधारण १५००-१६०० वॉटचा असतो. पाणी तापायला पाऊण तास ते तास लागतो आणि उकळी मंद येते. भांड्याला बाहेरून उष्णतारोधक जाकीट घातलं की दोन्हींत चांगला फरक पडतो. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा दुसरं मोठं उपकरण लावू नये आणि बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. २३० व्होल्टवर हा त्रास नसतो.

आधी नुसत्या पाण्याची फेरी

माल्ट आणण्याआधी एक दिवस यंत्र नुसत्या पाण्यावर चालवावं. नव्या भांड्याला कारखान्यातलं तेल लागलेलं असतं. ते काढण्यासाठी पीबीडब्ल्यूसारखी परकार्बोनेटची पावडर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात घालून अर्धा तास पंप फिरवावा आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने धुवावं.

मग २५ लिटर पाणी मोजून घालावं, झाकण न ठेवता तासभर उकळावं आणि गार झाल्यावर पुन्हा मोजावं. बहुतेक यंत्रांत ताशी अडीच ते तीन लिटर पाण्याची वाफ होते. तुमच्या यंत्राचा हा आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

याच फेरीत थर्मामीटरही तपासून होतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पण डेन्व्हरसारख्या उंच शहरात ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. कंट्रोलरमध्ये उकळीचा आकडा १०० ठेवला तर यंत्र तिथे कधीच पोचत नाही आणि उकळीची वेळ मोजायला सुरुवातही करत नाही. हा आकडा सेटिंगमधून खाली आणता येतो.

२० लिटरचं माप

पहिल्यांदा पेल एल, म्हणजे फिकट माल्टची, फार थंडी न लागणारी बिअर, करावी. लागरला थंडी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात आणि तिच्यात चूक लपत नाही.

पेल माल्ट ४.५ किलो
क्रिस्टल ६० माल्ट ३०० ग्रॅम
मॅग्नम हॉप्स (१२ टक्के आल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारं द्रव्य) १८ ग्रॅम, ६० मिनिटांसाठी
कॅस्केड हॉप्स २० ग्रॅम शेवटच्या १५ मिनिटांना, ३० ग्रॅम शेवटच्या ५ मिनिटांना
कॅस्केड हॉप्स ४० ग्रॅम, आंबवणीच्या अखेरीस
सफएल यूएस-०५ यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट
पाणी: भिजवायला १६.५ लिटर, चोथा धुवायला १२ लिटर

पाण्याचा हिशेब असा: माल्ट किलोमागे सुमारे ०.८ लिटर पाणी धरून ठेवतं. ४.८ किलो माल्टमध्ये ३.८ लिटर गेलं की उकळीला पावणेपंचवीस लिटर वर्ट उरतं. वाफेत २.७ लिटर जातं, तळाच्या गाळात दोन लिटर, आणि २० लिटर आंबवणीच्या पिंपात येतं. तुमच्या यंत्राची वाफ वेगळी असेल तर धुण्याचं पाणी तेवढं कमी-जास्त करावं. सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.०४८ च्या आसपास, शेवटची १.०१० आणि मद्यार्क सुमारे ५ टक्के यायला हवा.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. यीस्टने तयार केलेल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की बिअरला बँडेजचा, दवाखान्याचा वास येतो. तो नंतर कशानेही जात नाही. क्लोरीन उकळून उडतं, क्लोरामाइन सहज उडत नाही. उपाय सोपा आणि स्वस्त आहे: २८-३० लिटर पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी कुस्करून घालायची आणि ढवळायचं. काही मिनिटांत काम होतं. धुण्याच्या पाण्यालाही हेच करायचं, नेमकं तेच अनेकजण विसरतात.

घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी वापरू नये, त्यात सोडियम वाढलेलं असतं. सुपरमार्केटमध्ये मिळणारं आरओचं पाणी घेतलं तर २८.५ लिटरला ४ ग्रॅम जिप्सम आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालावं. कॅल्शियम लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि हॉप्सचा कडवटपणा नीट उठतो. पीएच मीटर असेल तर भिजवण सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी नमुना गार करून मोजावा. ५.२ ते ५.५ हवा. जास्त आला तर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल एकेक मिलिलिटर घालून खाली आणावा.

दळण

मिक्सरमध्ये माल्ट कधीही दळू नये. पीठ झालं की पंप तुंबतो, हीटरवर थर बसतो आणि टरफलाचा भुगा होऊन बिअर तुरट होते. रोलरच्या गिरणीत दाणा चिरडला जातो आणि टरफल जवळजवळ अख्खं राहतं, तीच टरफलं पुढे गाळणीचं काम करतात. पंप फिरवणाऱ्या यंत्रासाठी रोलरमधलं अंतर १.० ते १.१ मिलिमीटर ठेवावं. दळण लापशीच्या जाड भरडीसारखं दिसलं पाहिजे. हातात घेतल्यावर अख्खा दाणा सापडता कामा नये आणि बोटांना पिठाचा थरही लागता कामा नये. दुकानातून दळून आणत असाल तर ‘रिसर्क्युलेशनच्या यंत्रासाठी’ असं आवर्जून सांगा. पाककृतीत गहू जास्त असेल तर पावशेर भाताचं तूस मिसळलं की पाणी वाहतं राहतं.

भिजवण

१६.५ लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा. माल्ट थोडं थोडं घालत मोठ्या डावाने गुठळ्या मोडत जा. गुठळीच्या आतला स्टार्च कोरडाच राहतो आणि साखर कमी निघते. सगळं माल्ट पडल्यावर तापमान ६७ च्या जवळ येतं, मग कंट्रोलर ६७ वर ठेवा. या तापमानाला माल्टमधली स्टार्चची साखर करणारी दोन्ही एन्झाइमं काम करतात. ६४ ला ठेवलं तर साखर जास्त आंबते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ७० ला ठेवलं तर अंगाने भरीव आणि गोडसर होते. बिअरचं अंग कसं हवं, हे इथे ठरतं.

पंप लगेच सुरू करू नये. दहा मिनिटं थर बसू द्यावा आणि मग झडप थोडीशीच उघडावी. सर्वात जास्त घोटाळे इथे होतात. पंप जोरात चालला की माल्टचा थर खाली दबून घट्ट होतो. वरचं पाणी खाली उतरायच्या आत पंप खालचं उपसून टाकतो आणि हीटरवरचं पाणी कमी होतं. राहिलेलं पाणी जास्त तापतं, पीठ हीटरला चिकटून करपतं आणि त्या धुरकट वासातून बिअर वाचत नाही. वरच्या नळीतून पाणी सतत ओव्हरफ्लोच्या नळकांड्यात पडत असेल तर वेग जास्त आहे असं समजावं. वर माल्टवर दोन बोटं पाणी उभं राहील इतपतच वेग ठेवावा. थर घट्टच झाला तर पंप थांबवून माल्ट वरून अर्ध्यापर्यंत ढवळावं, पाच मिनिटं थांबावं आणि कमी वेगाने पुन्हा सुरू करावं.

कंट्रोलरचा आकडा बुडाजवळच्या सेन्सरचा असतो. माल्टच्या मधोमध तापमान दोन ते चार अंशांनी कमी असू शकतं. हातातला थर्मामीटर मधोमध खुपसून बघावा आणि तो आकडा खरा मानून कंट्रोलर वर-खाली करावा.

६० मिनिटं झाली की तापमान ७६ वर नेऊन दहा मिनिटं ठेवायचं. मग टोपली वर उचलून कडेवर टेकवायची आणि ७५-७६ अंशांचं १२ लिटर पाणी हळूहळू वरून सोडत चोथा धुवायचा. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. ७८ च्या वरचं पाणी टरफलातला तुरटपणा काढतं. टोपली पिळू नये, दाबू नये.

आता घनता मोजावी. नमुना २० अंशांपर्यंत गार करूनच, कारण हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती काचेची नळी) बहुधा त्या तापमानासाठी बनवलेला असतो. १.०४३ च्या आसपास हवी. खूपच कमी आली तर २५० ग्रॅम सुक्या माल्ट एक्स्ट्रॅक्टने शेवटची घनता सुमारे ०.००४ ने वाढते. पुढच्या वेळी दळण तपासावं, दोष बहुधा तिथेच असतो.

उकळी

वर्ट ८५ अंशांवर आलं की लांब डावाने बूड एकदा खरवडून घ्यावं. तळाला बसलेलं पीठ तसंच राहिलं तर दूध लागावं तसं वर्ट खालून लागतं आणि यंत्राचा सुरक्षा-कटआउट पडून हीटर बंद होतो. मध्येच उकळी थांबली तर आधी हेच कारण शोधावं: बूड खरवडावं, मग यंत्राखालचं रीसेटचं बटण दाबावं. ९८ अंशांच्या पुढे फेस भराभर वर येतो. त्या पाच मिनिटांत यंत्रापासून हलू नये. फेस चढला की ढवळावं, उतू जाणं थांबतं.

झाकण ठेवू नये. माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो आणि ते वाफेबरोबर जायला हवं. पेल माल्टला ६० मिनिटं पुरतात. पिल्सनर माल्ट वापरलं तर ९० मिनिटं उकळावं. हॉप्स बारीक जाळीच्या पिशवीत किंवा नळकांड्यात टाकावेत, मोकळे टाकले तर पंपाची जाळी तुंबते.

शेवटच्या दहा मिनिटांत कूलरची गुंडाळी वर्टमध्ये बुडवावी. काउंटरफ्लो कूलर (नळीत नळी असलेला, वर्ट आणि गार पाणी उलट दिशांनी वाहणारा) असेल तर उकळतं वर्ट त्यातून फिरवावं. त्याने तो आतून निर्जंतुक होतो. हीटर बंद केल्यावर डावाने भोवरा काढून पंधरा मिनिटं थांबावं म्हणजे गाळ मधोमध जमतो. मग १८ अंशांपर्यंत गार करावं. टेक्सास-ॲरिझोनात उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं. तिथे ३० पर्यंत उतरवून पिंप बंद करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि १८ झाल्यावरच यीस्ट टाकावं. गरम वर्टमध्ये घाईने टाकू नये.

स्वच्छता

उकळी संपल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: पिंप, नळी, झाकण, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा. स्टार सॅन हे निर्जंतुक करणारं द्रावण लिटरला दीड मिलिलिटर या प्रमाणात घालावं आणि पृष्ठभाग दोन मिनिटं ओला ठेवावा. नंतर धुवायची गरज नाही, फेस राहिला तरी हरकत नाही. पण घाण असलेल्या भांड्यावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून आधी धुणं आणि मग निर्जंतुक करणं, हा क्रम चुकवू नये. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला लावू नये, बारीक खड्डे पडतात आणि त्यांत जंतू राहतात.

यंत्र त्याच दिवशी धुवावं. वर्ट सुकलं की दगडासारखं होतं. परकार्बोनेटचं ६० अंशांचं पाणी वीस मिनिटं पंपातून फिरवावं आणि तीन-चार वेळांनंतर पंपाचं तोंड उघडून आतली चाकी काढून धुवावी. आतला काळपट थर पाहिल्यावर हे का करायचं ते समजतं.

यीस्ट आणि तापमान

इथे यंत्र आपल्याला सोडून जातं आणि इथेच बिअर घडते किंवा बिघडते. दह्याचं विरजण लावताना दूध किती कोमट आहे यावर दही गोड होणार की आंबट हे ठरतं, तसंच हे आहे.

पिंप ३० लिटरचं घ्यावं, फेसाला जागा लागते. वर्ट उंचावरून ओतून हवा मिसळू द्यावी आणि यीस्टचं पाकीट वरून भुरभुरवावं. एवढ्या वर्टला एक पाकीट पुरतं. लागरला दोन लागतात. मुदत उलटून गेलेलं किंवा उन्हात पडलेलं पाकीट वापरू नये. यीस्ट कमी पडलं तर ते ताणाखाली काम करतं आणि त्याचा वास बिअरला लागतो.

आंबताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करतं. खोली २१ अंशांची असेल तर पिंपातलं वर्ट पहिल्या तीन दिवसांत २५ पर्यंत चढू शकतं. या तापमानाला जड अल्कोहोलं तयार होतात, बिअर घशाला जाळते. म्हणून आकडा खोलीचा नव्हे, पिंपाचा बघायचा. जुना फ्रिज आणि इंकबर्डसारखा थर्मोस्टॅट कंट्रोलर ही या छंदातली यंत्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर साधं भांडं आणि हा फ्रिज घ्यावा, महागडं यंत्र नंतर आणता येईल. सेन्सर पिंपाच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा लावावा, म्हणजे त्याला फ्रिजमधली हवा लागत नाही. हिवाळ्यासाठी गरम पट्टा त्याच कंट्रोलरला जोडता येतो.

फ्रिज नसेल तर पिंप मोठ्या टबात पाण्यात ठेवून त्याला ओला कपडा गुंडाळावा, कपड्याचं टोक पाण्यात राहू द्यावं आणि पंखा लावावा. माठ जसा गार होतो तसंच पिंप गार होतं. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या दिवसातून दोनदा टबात टाकल्या की आणखी उतरतं. तेही जमत नसेल तर नॉर्वेतलं क्वाइक हे पारंपरिक यीस्ट वापरावं. ते ३० ते ४० अंशांतही स्वच्छ आंबवतं, गरम गॅरेजसाठी ते फार उपयोगी आहे.

यूएस-०५ ला पहिले चार-पाच दिवस १८ अंश ठेवावेत, मग २०-२१ वर सोडावं. शेवटच्या या ऊबेत यीस्ट लोण्याच्या वासाचं डायअसिटिल आणि हिरव्या सफरचंदाच्या वासाचं ॲसिटाल्डिहाइड स्वतःच खाऊन टाकतं. यापैकी एखादा वास राहिला असेल तर बिअर घाईने काढली असं समजावं. आणखी चार दिवस थांबलं की तो बहुधा जातो.

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नव्हे. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे दिसत नाहीत. ४८ तासांच्या अंतराने दोनदा घनता मोजावी. दोन्ही आकडे सारखे आणि १.०१२ च्या खाली आले की काम झालं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणारं उपकरण) या टप्प्यावर चुकीचा आकडा दाखवतो कारण अल्कोहोलमुळे प्रकाश वेगळा वळतो. इथे हायड्रोमीटरच हवा.

घनता स्थिर व्हायच्या बेतात असताना ४० ग्रॅम कॅस्केड टाकून तीन दिवस ठेवावेत. यापुढे बिअरला हवा लागू देऊ नये. सुरुवातीला हवी असलेली हवा आता शत्रू होते, तिच्यामुळे हॉप्सचा सुगंध जातो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. झाकण उगाच उघडून बघू नये.

बाटल्या

१९ लिटर बिअरला १२० ग्रॅम साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करावी. ती दुसऱ्या निर्जंतुक पिंपात आधी घालावी आणि वरून सायफनने बिअर सोडावी. नळीचं टोक तळाशी असावं म्हणजे खळखळ होत नाही. साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नये, प्रमाण चुकतं. घनता स्थिर नसताना भरलेल्या बाटल्या फुटतात आणि काच लांबवर उडते. शंका असेल तर दोन दिवस थांबावं.

बाटल्या तपकिरी काचेच्याच घ्याव्यात. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याच्या वासाचं गंधकाचं संयुग तयार होतं, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून ते लवकर होतं. ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या भरतात. त्या २०-२२ अंशांवर अंधारात दोन आठवडे उभ्या ठेवाव्यात. पहिल्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवल्या तर यीस्ट झोपतं आणि बिअर सपाट राहते. कॉर्नेलियस केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या टाकीत) भरत असाल तर साखर नको. ४ अंशांवर ११-१२ पीएसआय कार्बन डायऑक्साइडवर आठवडाभर ठेवावं.

दोन आठवड्यांनी एक बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडावी. गॅस कमी वाटला तर बाकीच्या बाटल्या आणखी एक आठवडा ऊबेत ठेवाव्यात. बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो. ग्लास तिरका धरून एकाच धारेत ओतावं आणि शेवटचं बोटभर बाटलीतच सोडावं.